दोन कप्प्यांचा संडास आणि घरचे सोनखत



आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्यावर चारचौघींत बोलायला आपण लाजतो. विषय आहे संडासाचा. गटाच्या बैठकीत कर्ज, शिलाई, कोंबड्या, लेकींची लग्ने सगळे निघते, पण "बाई, तुझ्या घरी संडासाची सोय कशी आहे?" असे कोणी विचारत नाही. आणि तरी पावसाळ्यात अंधारात टमरेल घेऊन बांधावरून जाताना पाय घसरतो तो आपलाच. साप-विंचवाची भीती आपल्यालाच. दिवसा जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिते तीही बाईच, आणि मग लघवीची जळजळ सोसते तीही बाईच.

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात, महामार्गाकडेची गोदामे आठवतात. पण याच तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला, तानसा नदीच्या आसपास आणि पडघ्याच्या आतल्या भागात पाडे आहेत, शेतावरची एकेकटी घरे आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येऊन राहणारी कुटुंबे आहेत. अशा घराला गटाराची लाइन नसते. पाणी डोक्यावरून आणायचे असते. शहरात संडासात पाणी ओतले की प्रश्न डोळ्यांआड जातो. पाड्यावर तो डोळ्यांआड जात नाही, घराभोवतीच राहतो. म्हणून असा संडास हवा, ज्याला भरपूर पाणी लागत नाही, जो पावसात तुंबत नाही, आणि ज्यातला मैला घरच्या घरी निरुपद्रवी होतो.

असा संडास आहे. त्याला दोन कप्प्यांचा संडास म्हणतात, कोणी कोरडा संडास म्हणतात, कोणी खताचा संडास म्हणतात. तो परदेशातून आलेले काही नवल नव्हे. आपल्या कोकणात त्यावर फार पूर्वी काम झाले आहे.

कोकणातले अप्पा

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते स्वातंत्र्य चळवळीत रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात संडास साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिले जाई. अप्पा म्हणाले, हे काम मला द्या. अधिकाऱ्यांनी नाकारले. अप्पांनी अन्न सोडायला सुरुवात केली. ही गोष्ट येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पांच्या बाजूने उपोषण धरले. "मला संडास साफ करू द्या" एवढ्यासाठी कोणी उपाशी राहिले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

पुढे अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. तिथे मेलेल्या जनावरांची कातडी सोडवण्यापासून मैल्याचे खत करण्यापर्यंत सगळी 'हलकी' मानलेली कामे त्यांनी स्वतः केली. त्यातूनच 'गोपुरी संडास' पुढे आला. शेजारी शेजारी दोन कप्पे. एक वापरायचा, मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकत जायचे. तो भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचे खत झालेले असते.

अप्पांचा मुद्दा साधा होता. नुसते "सफाई कामगाराला मान द्या" म्हणून भागत नाही. संडासच असा बांधा की कोणालाही दुसऱ्याचा ताजा मैला उचलावा लागू नये.

ही ओळ पुढे देहूला गेली. संत तुकारामांच्या देहू गावी १९५९ साली डॉ. मापुसकर सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले आणि सारे आयुष्य त्यांनी संडास आणि मैल्यापासून गॅस या कामाला दिले. त्यांनी देहूत उभ्या केलेल्या संस्थेला नाव दिले ते अप्पा पटवर्धनांचे. डॉ. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. औषधे देणारा डॉक्टर संडास बांधत का फिरला? कारण उघडे आहे. जंतांचे औषध आज दिले आणि पोर उद्या पुन्हा त्याच घाणीतून अनवाणी चालले, तर औषधाचा उपयोग काय?

आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त कमी असते, त्यामागे एक कारण हेही आहे. अंकुश जंत नावाचा बारीक जंत उघड्यावरच्या मैल्यातून मातीत उतरतो आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. चिखलात अनवाणी लावणी करणारी बाई त्याला आयतीच सापडते.

पाणी ओतायचा संडास सगळीकडे का चालत नाही?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ज्या घराजवळ पाणी आहे, जमीन उंचावर आहे आणि पावसाळ्यातही जमिनीतले पाणी खोल राहते, तिथे दोन शोषखड्ड्यांचा साधा संडास उत्तम आहे. स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन दिले गेले, ते प्रामुख्याने अशाच संडासांसाठी. त्यातही एक खड्डा वापरायचा, दुसरा रिकामा ठेवायचा, हेच तत्त्व आहे. पुष्कळ घरी गवंडी दोन्ही खड्ड्यांना एकदम पाइप जोडून देतो. मग दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि सगळा फायदा जातो. तुमच्याकडे असा संडास असेल तर आज जाऊन बघा. दोन खड्ड्यांच्या फाट्यावर एक बाजू बंद असली पाहिजे.

पण आपल्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भातखाचराच्या कडेला दोन हात खणले की जुलैमध्ये पाणी लागते. अशा जागी खड्डा पाण्याने भरतो, मैला वर येतो आणि तेच पाणी झिरपत विहिरीकडे जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ग्रामीण भांड्यात एका वेळी दोन लिटर तरी पाणी ओतावे लागते. पाच माणसांच्या घरात धुण्याचे धरून रोज एक मोठा हंडा त्यातच जातो. एप्रिल-मे महिन्यात तो हंडा कोणाच्या डोक्यावरून येतो, हे मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट बंद सेप्टिक टाकीची. ती भरली की उपसायला टँकर लागतो. पाड्यापर्यंत टँकर येईल अशी वाट नसते. आला तरी तो मैला कुठल्या ओढ्यात सोडतो ते कोणी विचारत नाही. आणि टँकर नाही म्हणून कोणी माणूस टाकीत उतरवलाच, तर आतल्या विषारी वायूने तो जीव गमावतो. माणसाला मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी टाक्यांत माणसे मेल्याच्या बातम्या येतच राहतात.

म्हणून पाण्याची टंचाई, पाणथळ जमीन किंवा आडवाट असेल, तिथे जमिनीच्या वर बांधलेला दोन कप्प्यांचा संडास उपयोगी पडतो.

बांधायचा कसा?

आधी हिशोब पाहू. एका माणसाच्या शरीरातून वर्षाला साधारण ५० लिटर मैला आणि ५०० लिटर लघवी बाहेर पडते. म्हणजे मैला थोडा, लघवी दहापट. दोन्ही एकत्र झाले की चिखल होतो, वास सुटतो, माश्या होतात. वेगवेगळे ठेवले की अर्धे काम झाले.

पाच माणसांचा वर्षाचा मैला २५० लिटर. त्यावर तेवढीच राख-तूस धरली तर ५०० लिटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ८० सेंटीमीटर उंच कप्प्यात ८०० लिटर मावते. म्हणजे असा एक कप्पा पाच जणांना वर्षभर आरामात पुरतो. माणसे जास्त असतील तर कप्पा त्या मानाने मोठा घ्या.

जागा निवडताना विहीर किंवा बोअरपासून निदान १० मीटर दूर, जमल्यास १५ मीटर, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला. तिथे एक वीतभर उंच जोते करून त्यावर सिमेंटची पक्की तळजमीन करा. त्यावर विटांचे दोन कप्पे शेजारी शेजारी बांधा, मधे एक भिंत. आतून सिमेंटचा गिलावा हवा, म्हणजे पाणी आत येणार नाही आणि आतले बाहेर झिरपणार नाही. वर लादी. त्यावर खोली, छप्पर आणि आतून लागणारी कडी. कडीशिवाय संडास बाईच्या कामाचा नाही, हे गवंड्याला ठणकावून सांगा.

प्रत्येक कप्प्यावर लादीत एक भोक. भोकाच्या पुढे लघवीसाठी उतार केलेली पन्हळ, ती नळीने बाहेर ठेवलेल्या कॅनमध्ये जाते. बाजूला धुण्याची जागा, तिचे पाणी वेगळ्या नळीने बाहेर. आपण पाण्याने धुणारी माणसे आहोत, म्हणून ही तिसरी जागा आपल्याकडे हवीच. बसायचे एका जागी, धुवायचे थोडे सरकून दुसऱ्या जागी.

प्रत्येक कप्प्याच्या मागच्या बाजूला खत काढायचे दार ठेवा. ते विटा मातीत लिंपून बंद करता येते, वर्षाने फोडता येते. प्रत्येक कप्प्यातून छपराच्या वर जाणारा चार इंची पाइप घ्या आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधा. वास वर निघून जातो आणि माशी जाळीला अडते. जो कप्पा वापरात नाही, त्याचे भोक फरशीने बंद ठेवा.

लादी उंचावर असल्यामुळे चार-पाच पायऱ्या लागतात. घरात म्हातारी माणसे, गरोदर सून असेल तर पायऱ्यांना कठडा आणि आत धरायला बांबू किंवा लोखंडी दांडा बसवा.

वापरायचा कसा?

सुरुवातीला कप्प्याच्या तळाशी चार बोटे जाडीचा कोरडा पाला, भाताचे तूस किंवा कोरड्या मातीचा थर द्या. आत एका डब्यात राख, तूस आणि कोरडी चाळलेली माती मिसळून ठेवा आणि डब्यात एक करवंटी.

संडासला बसल्यावर मैला भोकात, लघवी पन्हळीत. उठताना भोकात दोन करवंट्या राख-तूस टाकायचे. झाकण लावायचे. सरकून धुवायचे. साबणाने हात धुवायचे. झाले.

आठवड्यातून एकदा काठीने ढीग सारखा करा, म्हणजे मधे डोंगर होत नाही. ती काठी फक्त त्याच कामाची.

राख कोणती घ्यायची हे लक्षात ठेवा. आपल्या चुलीतली लाकडाची, गोवऱ्यांची राख चांगली. ती मैल्याला कोरडे करते, आणि तिच्या क्षारामुळे रोगजंतू लवकर मरतात. भट्टीवरची दगडी कोळशाची राख किंवा कारखान्यातून आलेली राख घेऊ नका, तिच्यातले नको ते धातू शेतात जातात. तूस भात गिरणीवर मिळते. पालापाचोळा आपण राब भाजायला गोळा करतोच, त्यातलीच दोन पोती मार्च-एप्रिलमध्ये बाजूला काढा आणि पावसाळ्यासाठी घरात कोरडी ठेवा. खरी परीक्षा पावसाळ्यात असते. ओली राख आणि ओला पाला काही कामाचे नाही.

कप्प्यात काय टाकायचे नाही? पाणी नाही, फिनेल नाही, ब्लीचिंग पावडर नाही, प्लास्टिक नाही, काच नाही, पॅड नाही, डायपर नाही. लहान मुलाची शी मात्र यातच टाकायची. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असे आपण समजतो, पण तिच्यात रोगजंतू मोठ्यांइतकेच असतात. ती अंगणात, उकिरड्यावर किंवा ओढ्यात नको.

पाळीच्या दिवसांतही हा संडास नेहमीसारखाच वापरायचा. रक्त पडले तर काही बिघडत नाही. कापडी घड्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, ओटीखाली किंवा अडगळीत लपवून नव्हे. विकतचे पॅड असतील तर कागदात गुंडाळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा. गावात गोळा करायची सोय नसेल तर विहिरीपासून दूर, कुत्रे उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा.

वास आला तर समजा पाणी किंवा लघवी आत जाते आहे. नळी तुंबली का, लादीला तडा गेला का ते बघा आणि दोन दिवस राख जास्त टाका. माश्या झाल्या तर राख कमी पडते आहे किंवा जाळी फाटली आहे. घरात जुलाब झाले असतील तर प्रत्येक वेळी दुप्पट राख टाका. नीट चाललेल्या कोरड्या संडासाला वास येत नाही.

वर्षभर हात लावायचा नाही

आता आजच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मैला कोरडा ठेवला, झाकला, तरी तो लगेच खत होत नाही. मोठ्या शेणखताच्या ढिगात जशी वाफ निघेल इतकी उष्णता होते, तशी या छोट्या कप्प्यात होत नाही. इथे रोगजंतू मारण्याचे काम मुख्यतः वेळ करते. साधे जंतू काही आठवड्यांत मरतात, पण गोल जंतांची अंडी फार चिवट असतात, ती महिनोन्महिने जगतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्यासारख्या उष्ण प्रदेशासाठी सांगितले आहे की बंद केलेला मैला एक वर्षापेक्षा जास्त काळ तसाच ठेवावा.

हे वर्ष मोजायचे ते कप्पा बंद केल्या दिवसापासून, वापरायला सुरुवात केल्या दिवसापासून नव्हे. शेवटचा मैला ज्या दिवशी पडला, त्या दिवसापासून.

आपल्या शेतीच्या वर्षात हे छान बसते. मे महिन्यात, पावसाच्या आधी, भरलेला कप्पा बंद करा. भिंतीवर कोळशाने नव्हे, रंगाने तारीख लिहा: "बंद – मे, अमुक साल". दुसरा कप्पा सुरू करा. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी पहिला उघडा. त्याला एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा मिळालेला असतो. उघडल्यावर ते काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचे दिसले पाहिजे. ओलसर किंवा घाणेरड्या वासाचे असेल तर पुन्हा लिंपा. एखादे वर्ष जास्त गेले तर बिघडत नाही. एक महिना कमी मात्र नको.

काढताना हातमोजे, बूट, फावडे. नंतर साबणाने अंघोळ. हे खत आंबा, नारळ, चिकू, केळ, शेवगा अशा झाडांच्या आळ्यात घाला आणि वरून माती ओढा. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खायच्या भाजीला घालू नका. भाताच्या आवणातही नको, कारण तिथे आपण अनवाणी आणि उघड्या हातांनी तासन्‌तास काम करतो. झाडांना घालूनच ते संपते, एवढेच ते असते.

आपल्या जुन्या शेतकऱ्यांकडे याला सुंदर शब्द होता: सोनखत. शब्द आपला, किंमत माहीत होती. तोटा एकच होता की ते कच्चे वापरले जाई आणि ते वाहणारी माणसे ठरावीक जातीची असत. दोन कप्प्यांच्या संडासात हे दोन्ही दोष जातात. ताजा मैला कोणी हाताळत नाही, आणि जे काढायचे ते वर्षाची माती झालेले असते, ते आपल्याच घरचे आपण काढतो.

लघवीचे आणि पाण्याचे काय?

झाडाला हिरवे करणारे नत्र मैल्यापेक्षा लघवीत जास्त असते. गोमूत्र आपण झाडाला घालतोच. माणसाच्या लघवीत तसेच नत्र असते. कॅन झाकून ठेवा. एक भाग लघवीत पाच भाग पाणी मिसळून झाडाच्या बुंध्याशी, पानावर नाही, संध्याकाळी ओता. केळीला आणि नारळाला चांगले मानवते. भाजीला दिलीत तर काढणीच्या आधी महिनाभर थांबवा. घरात कोणी आजारी असेल, किंवा हे करायची मनाची तयारी नसेल, तर नळी सरळ खडी भरलेल्या छोट्या शोषखड्ड्यात सोडा. तिथेच संपवली तरी चालेल.

धुण्याचे पाणी वाहते सोडू नका. ते खडी-वाळू भरलेल्या एका वाफ्यात सोडा आणि त्यात कर्दळ, केळ लावा. हात घालून खायची भाजी तिथे नको. मोरीचे, भांड्यांचे पाणी वेगळे काढून अळू आणि पपईला द्या. डबके साचले नाही की डासही कमी होतात.

घरातला बाकी कचरा

भाजीची देठे, शेण, गवत, पेंढा हे संडासाच्या कप्प्यात भरू नका. त्याचे वेगळे खत करा, ते तीन-चार महिन्यांत होते आणि भाजीला वापरता येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी भिंतीत भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत दिली आहे. कचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर द्यायचे आणि वरून लिंपायचे. विटांचा तुकडा-अर्धा आपल्या भागात सहज मिळतो.

प्लास्टिक चुलीत जाळू नका. तो धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो, आणि त्याची राख संडासातून शेतात जाते. गोदामांतून येणारे थर्माकोल, चिकटपट्टी, पिशव्या एका पोत्यात कोरड्या साठवा आणि भंगारवाल्याला द्या किंवा ग्रामपंचायतीच्या गाडीत टाका.

भट्टीवर राहणाऱ्या बहिणींसाठी

वीटभट्टीवर सहा-सात महिने राहणाऱ्या कुटुंबाला दोन कप्पे बांधणे शक्य नाही, जमीनही आपली नसते. तिथे सोय करणे मालकाचे काम आहे, आणि गटाने मिळून ते मागितले पाहिजे. पण सोय होईपर्यंत एक साधा उपाय आहे. दिवाळीनंतर जमिनीतले पाणी खाली गेलेले असते. तेव्हा कमरेइतका, एक मीटर खोल गोल खड्डा खणा. वर भोक ठेवलेली फळी किंवा लादी, भोकाला झाकण, भोवती बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा. दर वेळी दोन ओंजळी माती आणि राख टाका. वीतभर उरला की खड्डा मातीने भरा, आडोसा आणि लादी उचलून नवा खड्डा करा. पहिला पाऊस पडला की भरलेल्या जागी केळ किंवा आंब्याची कोय लावा. हा खड्डा पुन्हा कधी उपसायचा नाही. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात ही पद्धत पुष्कळ लोकांनी वापरली आहे.

हे काम कोणाचे?

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. बायका विचारतात, "हे सगळे ठीक, पण राख कोण भरणार? कप्पा कोण उघडणार? पुन्हा आमच्याच गळ्यात काम?" प्रश्न बरोबर आहे. पूर्वी गावाने एका जातीवर हे काम लादले होते. आता घराने ते एका बाईवर लादले, तर फार काही सुधारले असे म्हणता येणार नाही.

म्हणून संडास बांधायच्या आधी घरात बसून ठरवा. राखेचा डबा भरणे मुलांकडे. लघवीचा कॅन झाडांना ओतणे घरातल्या पुरुषाकडे, बाग त्याचीही आहे. मे महिन्यात कप्पा उघडणे सगळ्यांनी मिळून, राब भाजतो तसे. नव्या पाहुण्याला वापर कसा करायचा हे समजावणे घरातल्या मोठ्या माणसाने करावे, लाज न धरता. रत्नागिरीच्या तुरुंगात एका ब्राह्मण घरातल्या शिकलेल्या माणसाने हे काम मागून घेतले होते. आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषाला एक करवंटी राख जड होऊ नये.

गटाने काय करावे? पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बघा. आपल्यापैकी किती घरांचा संडास वापरात आहे आणि किती घरी त्यात गोवऱ्या आणि लाकडे भरली आहेत, ती मोजणी करा. ज्यांच्याकडे दोन खड्डे आहेत, त्यांनी एक बाजू बंद आहे का ते उघडून बघा. आणि ज्यांच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी लागते, त्यांच्यापैकी एका घरी दोन कप्प्यांचा संडास गटाने मिळून बांधून बघा. बांधायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन अशा संडासाला सध्या अनुदान बसते का ते लेखी विचारा. एक घर वर्षभर नीट चालले की बाकीच्यांना सांगावे लागत नाही.

लक्षात ठेवायचे तीनच शब्द आहेत: कोरडे, झाकलेले, वर्षभर. हे तीन सांभाळले तर ज्याला आपण घाण म्हणून तोंड फिरवतो, ते आपल्याच आंब्याच्या आळ्यात जाते, आणि विहिरीचे पाणी विहिरीचेच राहते.

पुढच्या वेळी विहिरीचे पाणी घरच्या घरी पिण्यालायक कसे करायचे ते बोलू. तोवर नमस्कार.